शिकण्याची बाब अंदाजपत्रकात धरा

प्रति,
माननीय सचिव,
रस्ते, पूल, धरणे आणि इमारती बांधून घेणारे राज्यातील सर्व विभाग,
मंत्रालय, मुंबई.

विषय : अभियंते व प्रकल्प व्यवस्थापक यांच्या कामावरील शिक्षणासाठी प्रत्येक अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब धरण्याबाबत.

संदर्भ : छत्तीस वर्षांची नोकरी आणि एक पहार.

महोदय,

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपल्याकडे अभियंता दिन होतो. विश्वेश्वरय्यांच्या फेट्यातल्या फोटोला हार घातला जातो आणि प्रमुख पाहुणे हमखास ती रेल्वेची गोष्ट सांगतात. रात्रीच्या गाडीत रुळांचा आवाज बदललेला ऐकून विश्वेश्वरय्यांनी साखळी ओढली, उतरून पाहिले तर पुढे रूळ उखडलेला. गोष्ट खरी की दंतकथा, हे मला माहीत नाही, आणि त्याने फारसे बिघडतही नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. असा आवाज ओळखणारा कान तयार कुठे होतो? निदान सभागृहात तरी होत नाही.

विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले. नाशिक, मग खानदेश. धुळ्याकडे पांझरेवर नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले ते अगदी सुरुवातीच्या काळात. पावसाने नदीला पूर आला, काम अडले, आणि ते पावसाळ्यानंतर करावे असे या नव्या अधिकाऱ्याने वरिष्ठांना लिहिले. वरिष्ठांना ते रुचले नाही. शेवटी काम त्यांनी तडीस नेलेच. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आणि नीरा कालव्यावरची सिंचनाची ब्लॉक पद्धत पुढे आली, पण पुराचे पाणी, नदीची वाळू आणि वरिष्ठांचा राग या तिन्ही गोष्टी एकाच हंगामात कशा सांभाळायच्या, हा धडा त्यांनी पांझरेच्या पात्रात घेतला. पुण्यातला अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ मध्ये निघाला तोच मुळी बांधकामांवर हाताखालचे अधिकारी हवे होते म्हणून. वर्ग आणि काम यांच्यामध्ये त्या काळी एवढीशीच भिंत होती. आज ती किती उंच झाली आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आता पहारीची गोष्ट. मी काही वर्षे ठेकेदाराकडे काढली, उरलेली सार्वजनिक कामांवर. कामांची आणि कचेऱ्यांची नावे इथे घेत नाही. दोष कुठल्या एका पाटीचा नाही. तर, नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका पुलाच्या पायाच्या खड्ड्यात उभा होतो. ड्रॉइंगवर ज्या पातळीला खडक दाखवला होता, त्या पातळीला खडक लागला होता. मी वही काढून 'पाया मंजूर' असे लिहिणार, तेवढ्यात आमचे शाखा अभियंता नाना खाली उतरले. धोतर नव्हते एवढेच, बाकी चालणे-बोलणे शेतकऱ्याचे. त्यांनी मजुराच्या हातातली पहार माझ्या हातात दिली.

"मारा."

मी मारली. टण्ण असा आवाज आला.

"आता तिकडं, कोपऱ्यात."

तिथे आवाज आला, पण जरा बद्द. मला दोन्ही सारखेच वाटले.

"काय फरक?"

"नाही कळला, नाना."

"मग रोज दहा मिनिटं मारत जा. महिन्यानं कळंल."

महिन्याने खरेच कळले. आपला दख्खनचा खडक म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर. त्यात काळा पाषाण असतो, मांजऱ्या असतो, आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीसारखा एक पट्टा असतो, त्याला आम्ही रेड बोल म्हणतो. कॉलेजात हे सगळे मी वाचले होते, त्याचे गुणही मिळवले होते. पण काळ्या पाषाणाचा आवाज आणि मांजऱ्याचा आवाज यांतला फरक कुठल्याही पुस्तकात छापता येत नाही. त्यासाठी रोजची दहा मिनिटे लागतात आणि शेजारी उभा राहणारा एक माणूस लागतो. नानांनी ती दहा मिनिटे कुठे नोंदली नाहीत, कुणाला दाखवली नाहीत. त्यांच्या हजेरीपटावर, दौऱ्याच्या कार्यक्रमात, गोपनीय अहवालात, कुठेच ती नाहीत. ती त्यांनी आपल्या पदरची दिली.

सचिवसाहेब, आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. जी गोष्ट अंदाजपत्रकात नाही, ती साइटवर होत नाही. खोदलेल्या खड्ड्यातले पाणी उपसण्याची बाब धरली नसेल तर पंप येत नाही. चाचण्यांची तरतूद नसेल तर क्यूब भरले जात नाहीत. शिकवण्याची बाब कुठल्याही अंदाजपत्रकात नाही, आणि तरी इतकी वर्षे ती होत आली. ती नानांसारख्यांच्या चांगुलपणावर होत आली. आता नाना संपत आले आहेत.

ते का संपत आले, हेही लिहितो. पूर्वी शाखा अभियंता संकल्पचित्र समजून घेत असे, आखणी करत असे, मोजमाप पुस्तिका स्वतःच्या हाताने भरत असे आणि रात्रीच्या काँक्रीटला खुर्ची टाकून बसत असे. आता डिझाइन सल्लागार करतो, प्रकल्पाचा अहवाल दुसरा सल्लागार करतो, काम ठेकेदार करतो, देखरेख प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार (पीएमसी) करतो आणि तपासणी त्रयस्थ संस्था करते. अभियंत्याच्या वाट्याला उरतात ती पत्रे, व्हिडिओ कॉन्फरन्स, माहितीच्या अधिकाराची उत्तरे आणि साइटवरून जीपीएस-शिक्क्यासह पाठवायचे फोटो. फोटोत आवाज येत नाही. एका अभियंत्याकडे तीन शाखांचा कार्यभार असतो, तेव्हा तो प्रत्येक साइटवर पोहोचतो, पण कुठेच थांबत नाही. शिकायचे असेल तर मात्र थांबावेच लागते.

खासगी कंपन्यांत वेगळे काही चालले आहे असे समजू नका. पदवीधर प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलेला मुलगा पहिल्या आठवड्यात बिलिंगला बसवला जातो, कारण त्याला एक्सेल येते. तीन वर्षांनी तो उत्तम बिले करतो, पण शटरिंगच्या टेकूला हात लावून तो हलतो का, हे त्याने कधी पाहिलेले नसते. चौथ्या वर्षी त्याला साइट इंजिनिअर करतात. मग आपण म्हणतो, नव्या पिढीला साइटचे वारे लागलेले नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे मी कशाबद्दल बोलतो आहे ते कळेल. नानांच्या त्या खड्ड्यानंतर दहा-बारा वर्षांनी एका पुलाची जबाबदारी माझ्याकडे होती. मे महिना संपत आला होता, पावसाआधी पाया वर काढायचा होता. ठरलेल्या पातळीला काळा, घट्ट खडक लागला. मी पहार मारली, टण्ण आवाज आला, मी समाधानाने मंजुरी दिली. खाली खात्रीचे एक भोक पाडून बघायला हवे होते. दोन दिवस वाचवण्यासाठी ते मी सोडले. आठवड्याने शेजारच्या खांबाचा खड्डा खोदताना बाजूच्या भिंतीत तांबडा पट्टा दिसला. मोजले तर तो माझ्या घट्ट खडकाच्या जेमतेम मीटरभर खालून जात होता. टण्ण आवाज देणारा दगड म्हणजे फक्त झाकण होते. सगळे फोडून खाली जावे लागले आणि एक पूर्ण हंगाम गेला.

त्या काळात मी दुपारी शेजारच्या शेतात एका विहिरीवर पाणी प्यायला जात असे. एके दिवशी विहिरीत डोकावलो, तर काठापासून काही हात खाली तोच तांबडा पट्टा, सगळीकडून सारखा, पट्टीने आखावा तसा. शेतकरी म्हणाला, "साहेब, या अख्ख्या शिवारात तांबडं लागतंच. आम्ही विहीर खणताना त्याच्या खालीच जातो." गावातल्या विहिरी म्हणजे फुकटची बोअर होती, आणि मी दोनशे पावलांवरून त्यांच्याकडे पाठ करून उभा होतो.

आता खरी गोष्ट पुढे आहे. या चुकीची सरकारदरबारी नोंद झाली का? झाली, अगदी व्यवस्थित झाली. जादा खोदकामाचे परिमाण कलम ३८ मध्ये गेले, नव्या बाबींची दरयादी (ईआयआरएल) तयार झाली, आणि कारणाच्या रकान्यात दोन शब्द आले : 'अनपेक्षित भूस्तर'. प्रस्ताव मंजूर झाला, पैसे मिळाले, फाइल बंद झाली. अनपेक्षित कुणाला? शेतकऱ्याला तो भूस्तर पुरता अपेक्षित होता. आमच्या व्यवस्थेने चुकीची किंमत पैशापैशाने लिहून ठेवली आणि चुकीचे कारण मात्र पुसून टाकले. चौदा वर्षांनी, तिथून दोन तालुके पलीकडे, एका तरुण अभियंत्याने हीच चूक केली. मी ऐकले तेव्हा त्याच्या फाइलीत काय लिहिले असेल, हे मला न पाहताच ठाऊक होते.

राज्यभरातल्या अशा सगळ्या फाइली कुणी एकत्र वाचल्या, तर आपल्याकडे दख्खनच्या भूस्तराचे केवढे मोठे पाठ्यपुस्तक तयार पडलेले आहे हे दिसेल. फक्त ते पैशाच्या भाषेत लिहिलेले आहे.

प्रशिक्षण आपल्याकडे नाही असे मी म्हणत नाही. नाशिकला अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे, छत्रपती संभाजीनगरला १९८० पासून वाल्मी आहे, पुण्याला यशदा आहे. राज्याने २०११ मध्ये प्रशिक्षण धोरण केले. केंद्राने २०२० मध्ये मिशन कर्मयोगी मंजूर केले, आणि वर्गाबाहेर, प्रत्यक्ष कामावर शिकणे हा तर त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांचाच भाग आहे. वाल्मीत मला फार चांगले शिक्षक भेटले. कालव्याच्या पाणीवाटपाचा हिशेब मी तिथे शिकलो, तो अजून विसरलो नाही. अडचण प्रबोधिन्यांची नाही. अडचण अशी आहे की आपण प्रशिक्षण म्हणजे कामावरून उठून कुठेतरी जाणे असे धरून बसलो आहोत. मग ज्याच्या जाण्याने काम अडत नाही, त्याला पाठवले जाते. ज्याला खरी गरज आहे तो साइटवर अडकलेला असतो. आता मोबाइलवरचे अभ्यासक्रम आले. अनेकजण ते गाडीत बसून बोट सरकवत पूर्ण करतात, प्रमाणपत्र छापतात आणि उतरल्यावर पूर्वीसारखेच काम करतात.

शिवाय ज्ञान शिळे होते. १९८५ मध्ये पदवी घेतलेल्या अभियंत्याला भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये दाखवला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथेच झालेल्या भूकंपाने तो नकाशा खोटा ठरवला, आणि २००२ च्या सुधारित मानकातून पहिला झोनच काढून टाकला गेला. काँक्रीटच्या पुलांसाठी २०११ मध्ये आयआरसी ११२ आले आणि हिशेबाची सगळी पद्धत बदलली. हा बदल नोकरीत मुरलेल्या अभियंत्यापर्यंत पोहोचवायची जबाबदारी कुणाची? महाराष्ट्रातल्या डॉक्टरला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस गुण मिळवावे लागतात. वास्तुविशारदांसाठी १९७२ पासून कायदा आणि नोंदणी आहे. अभियंत्यासाठी देशपातळीवर तसा कायदाच नाही. एकदा विभागीय परीक्षा पार पडली की निवृत्तीपर्यंत त्याला कुणी काही विचारत नाही. तरी मी गुण मागत नाही. गुणांचा बाजार कसा भरतो, हे आपण सगळेच पाहतो. मला रोजची दहा मिनिटे हवी आहेत.

त्या दहा मिनिटांचे मोल किती, हे धरणाच्या उदाहरणाने सांगतो. मातीचे धरण थोडेफार पाझरतेच. प्रश्न असतो तो पाणी स्वच्छ येते की गढूळ. जुना माणूस पायथ्याशी गेला की काचेच्या पेल्यात गळतीचे पाणी धरतो आणि उन्हात बघतो. तळाशी बारीक माती बसली, तर धरण आतून पोखरले जाते आहे. हे शिकायला पाच मिनिटे लागतात, पण ती पाच मिनिटे धरणाच्या पायथ्याशीच द्यावी लागतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालची वाडी वाहून गेली. गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. नंतर चर्चा रंगली ती धरण पोखरणाऱ्या खेकड्यांची. तिथे नेमके काय झाले याचा निवाडा करणे माझे काम नाही. पण त्यानंतर राज्यातल्या प्रत्येक लघुपाटबंधारे तलावावर एक तरी नवा अभियंता जुन्या माणसाबरोबर पेला घेऊन पायथ्याशी उभा राहायला हवा होता.

महाडजवळचा सावित्रीवरचा जुना कमानी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, जून २०१७ मध्ये उभा राहिला. एवढ्या वेगाने काम करायची ताकद आपल्यात आहे, याचा मला अभिमान आहे. पण पुराच्या पाण्याखाली पायाशेजारची माती किती खोल खरवडली जाते, हे पाहायला काय बघायचे, कुठे उतरायचे, कुठल्या कोळ्याला विचारायचे, याचा धडा त्याच वेगाने तालुक्यातालुक्यात गेला का? पूल पुन्हा बांधायचे अंदाजपत्रक झाले. धड्याचे झाले नाही. पानशेत धरण फुटले, त्याचेही तेच. १२ जुलै १९६१ ला पुण्यात पाणी शिरले, त्याची प्रत्येक पुणेकराला आठवण आहे. जलनिर्गमाचे काम अपुरे असताना धरणात पाणी चढले, ही त्या घटनेतली अभियांत्रिकीची बाजू मात्र नव्या अभियंत्यांपैकी कितीजण सांगू शकतील? आपण स्मृतिदिन पाळतो. कारणे पाळत नाही.

आता प्रकल्प व्यवस्थापकांविषयी थोडे, कारण त्यांची गत तर याहून वाईट आहे. चांगल्या अभियंत्याला एके दिवशी सांगतात, उद्यापासून प्रकल्प तुझा. काल तो काँक्रीटचा जाणकार होता. आज त्याच्यापुढे भूसंपादन, वनखात्याची परवानगी, महावितरणचे खांब, पाणीपुरवठ्याची वाहिनी, सरपंचाचा मोर्चा, ठेकेदाराचा दावा आणि बँकेची हमी येते. आपल्याकडची कामे काँक्रीट कमी पडले म्हणून क्वचितच रखडतात. ती बहुतेकदा एका खांबामुळे, एका सातबारामुळे किंवा एका न लिहिलेल्या पत्रामुळे रखडतात. बार चार्ट काढायला कुठलाही संगणक शिकवतो. ठेकेदाराच्या नोटिशीला मुदतीच्या आत उत्तर दिले नाही तर पुढे लवादात काय होते, हे मात्र प्रकल्प व्यवस्थापक आपले हात पोळूनच शिकतो, आणि पोळण्याचा खर्च आपण सगळे भरतो.

हे शिकवता येते, याचे मोठे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. कोकण रेल्वेचे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि १९९८ च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळूरूकडे पूर्ण मार्ग खुला झाला. ई. श्रीधरन यांनी मार्गाचे सात भाग केले, प्रत्येकावर मुख्य अभियंता बसवला आणि निर्णयाचे अधिकार साइटवरच दिले. रत्नागिरीजवळ पानवलच्या दरीत चौसष्ट मीटर उंचीवर पूल ढकलत पुढे नेण्याची पद्धत देशात पहिल्यांदा तिथे वापरली गेली. गोव्यात पेडण्याच्या बोगद्याने तर सगळ्यांचाच घाम काढला. तिथे खडक नव्हता, ओली, मऊ माती होती, ती पुन्हा पुन्हा कोसळत होती. अशा मातीत बोगदा कसा पुढे न्यायचा, हे कुणालाही आधी येत नव्हते. तिथेच, त्याच मातीत, ते शिकले गेले. नवख्या हातांनी हे होऊ शकले, कारण निर्णय घेणारा आणि निर्णय पाहणारा एकाच तंबूत राहत होते. निर्णय मुंबईत झाला असता, तर तरुण अभियंत्याला फक्त आदेश दिसला असता. विचार दिसला नसता.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

पहिली, नव्या अभियंत्याला पहिली दोन वर्षे एकट्याला कार्यभार देऊ नका. त्याच्या जोडीला एक ज्येष्ठ माणूस द्या, आणि त्या ज्येष्ठाच्या कामाच्या यादीत 'शिकवणे' हे काम लिहा, म्हणजे ते न केल्यास कुणीतरी विचारील. नव्याने रोजनिशी ठेवावी. 'साइटवर गेलो' एवढे लिहून चालणार नाही. आज कुठला निर्णय झाला, तो का झाला आणि मी असतो तर काय केले असते, या तीन ओळी पुरेत.

दुसरी, प्रत्येक मोठ्या कामावर आठवड्याला एक तास, साइटवरच, झाडाखाली किंवा स्टोअरच्या पत्र्याखाली, सगळ्यांनी बसायचे. ठेकेदाराचा इंजिनिअर, पीएमसीचा माणूस, प्रयोगशाळेतला मुलगा आणि मिस्त्रीसुद्धा. मिस्त्रीला विसरू नका. शटरिंग कुठे फुगणार हे त्याला आपल्या आधी कळते, फक्त त्याला कुणी विचारत नाही.

तिसरी आणि सर्वांत अवघड, चुकांची वही. तिच्यात नाव नको, कामाचे नावही नको. काय झाले, का झाले, पुढे काय बघावे, एवढेच. ही वही चौकशीत पुरावा म्हणून वापरली जाणार नाही, असे लेखी द्या, नाहीतर तिच्यात कुणी एक शब्द लिहिणार नाही. अमेरिकेत वैमानिकांसाठी अशी गोपनीय नोंदीची व्यवस्था नासा १९७६ पासून चालवते आहे. भ्रष्टाचाराला यात आडोसा मिळेल, ही शंका मला मान्य आहे. लाच आणि चूक यांच्यात फरक करणे अवघड जाते खरे, पण आज आपण तो फरक करतच नाही, आणि म्हणून प्रामाणिक माणूसही आपली चूक 'अनपेक्षित' या शब्दाखाली झाकतो. मीही झाकली होती.

चौथी, निवृत्तीच्या आधीचे सहा महिने प्रत्येक अभियंत्याने आपल्या पुढच्या माणसाला घेऊन स्वतःची कामे फिरावीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो, तेव्हा कुठल्या मोरीखाली जुनी वाहिनी आहे आणि कुठल्या वळणावर दर पावसाळ्यात डोंगर सरकतो, हेही त्याच्याबरोबर घरी जाते. बदल्यांच्या कायद्याने तीन वर्षांचा कालावधी ठरवला आहे. दहा वर्षांच्या प्रकल्पाला तीन-चार अभियंते लागतात आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो कुणीच पाहत नाही. निदान एकाने दुसऱ्याला चालत दाखवावा.

पाचवी, प्रकल्प व्यवस्थापक होण्याआधी त्या अभियंत्याला एकेक महिना भूसंपादन कचेरीत, लेखा शाखेत आणि शक्य असेल तर ठेकेदाराच्या बाजूला बसवा. पलीकडच्या खुर्चीवर बसून पाहिल्यावर पत्राची भाषा बदलते.

वेळ कुठून आणायचा, असे आपण विचाराल. अंदाजपत्रकाच्या शेवटच्या पानावर आपण कितीतरी गोष्टी धरतो : आकस्मिक खर्च, चाचण्या, विमा, कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर. हा उपकरही १९९६ च्या कायद्याआधी कुठे होता? ओळ छापली गेली, म्हणून पैसे निघू लागले. माझी ओळही छापा. तिला पैसे फारसे लागत नाहीत. लागतो तो कुणीतरी मोजलेला वेळ. काम उशिरा झाले तर दंड आहे, शिकवले नाही तर कुणाला साधा खुलासाही मागितला जात नाही. आहे ते सगळे इथेच अडले आहे.

दरसूचीत नव्या बाबीचा मसुदा लागतो, म्हणून तोही सोबत लिहून देतो. शाखेतल्या कुणालाही भाषा ओळखीची वाटेल.

बाब : नव्या अभियंत्यास जुन्या अभियंत्याच्या सोबतीने, कोणत्याही भूस्तरात, अपेक्षित वा अनपेक्षित, सर्व लीड व लिफ्टसह, कोरड्यात अथवा पाण्यात, शिकवणे, त्यासाठी पहार, पेला, वही इत्यादी साहित्य पुरवणे, शेजारच्या विहिरीत डोकावणे, झालेल्या चुका कारणासह नोंदवून पुढच्या माणसाच्या हाती देणे, पूर्ण.
एकक : तास.
परिमाण : आठवड्याला एक, शिवाय रोजची दहा मिनिटे.
दर : नानांनी कधी लावला नाही. आपण ठरवावा.

तरी सदर बाबीस मंजुरी मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त अभियंता

प्रत माहितीसाठी : जिथे जिथे आज पाया मंजूर होणार आहे, त्या प्रत्येक खड्ड्यातल्या नव्या अभियंत्यास. सही करण्यापूर्वी वाचावी.